परतीचा ड्रायव्हर

आयएनए मार्केटच्या पार्किंगमध्ये मी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत होते, आणि किल्ली माझ्या हातातच होती.

हसू नका. उजव्या हातात अळूची पानं, नारळ आणि कोकम भरलेली पिशवी होती, म्हणून डावा हात पर्समध्ये घातला होता. रुमाल लागला की गोळ्यांची डबी लागली, हे बोटांनी मला सांगायचंच बंद केलं होतं. शेवटी वैतागून हात बाहेर काढला, तर अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत किल्ली! शेजारी वासंतीवहिनी उभ्या होत्या. आमच्याच सोसायटीतल्या, आणि माझ्या गाडीच्या मागच्या सीटच्या कायमच्या मालकीण.

"अगं बाई, शुभदाताई, हे तर माझंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "कार्पल टनेल. मनगटात नस दाबली जाते. ऑपरेशन करून टाका."

भोपळा चिरून टाका म्हणावं, तितक्या सहज म्हणाल्या.

मी शुभदा. सत्तरी उलटली आहे, राहते दिल्लीतल्या द्वारकेत, आणि गाडी चालवते. हे शेवटचं मुद्दाम सांगते, कारण आमच्या सेक्टरातल्या मराठी बायकांत ते फक्त मलाच म्हणता येतं. कुणाकडे हळदीकुंकू असो, महाराष्ट्र सदनात पुरणपोळी खायला जायचं असो, की कुणाच्या गुडघ्याचा एक्स-रे काढायचा असो, गाडी माझी. मागे चौघी कोंबून बसतात आणि डाएटच्या गप्पा मारतात.

पुढे डावीकडे श्रीपादराव. म्हणजे आमचे हे. सरकारात सांख्यिकी अधिकारी होते. जन्मभर आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून बसनं ऑफिसला गेले. रिटायर झाल्यापासून माझ्या शेजारी बसतात आणि 'सिग्नल आहे', 'बस आहे', 'गाय आहे' असं सांगतात. स्वतः मात्र गाडी शिकले नाहीत. रस्त्यावरच्या अपघातांचे आकडे म्हणे त्यांच्याच टेबलावरून जायचे. ते वाचून धीरच झाला नाही.

आता खरा घोळ सांगते. आम्हाला एकच मुलगा, यशोधन. गुरगावात आयटीत आहे. पोरगा गुणी आहे, पण आईनं आता गाडी सोडावी हा एक किडा त्याच्या डोक्यात शिरलेला. मागच्या दिवाळीत फराळ करता करता त्यानं स्पष्टच सांगितलं, "आई, एक जरी प्रॉब्लेम दिसला ना, तर किल्ली मी घेऊन जाणार. कॅब आहे, मेट्रो आहे, हवं तर ड्रायव्हर ठेवू."

"प्रॉब्लेम काय दिसायचाय?"

"काहीही."

झालं! तेव्हापासून मी त्याच्यासमोर शिंकसुद्धा दाबते. अहो, किल्ली गेली की माझं काय उरतं? ड्रायव्हरला फोन करा, तो जेवतोय, तो गावाला गेलाय, तो येतो म्हणतो आणि येत नाही. कुठे जायचं ते आधी चार जणांना सांगा. मला नाही जमायचं ते. मी मनात आलं की उठून जाणारी बाई आहे.

तर हात. पहाटे मुंग्यांनी जाग यायची. मग थर्मामीटर झटकतात तसा हात झटकत बसायचं. तेही मी चालवून घेतलं. पण एकदा पालमच्या फ्लायओव्हरखाली सिग्नल सुटला, मी गिअर टाकायला गेले, आणि हात गिअरवर आहे की नाही तेच कळेना. खाली वाकून बघावं लागलं. गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. एकजण काच खाली करून ओरडला, "आंटी जी, घर पे बैठो!"

"तू बैठ!" मी ओरडले. पण खरं सांगते, पुढचा सगळा रस्ता मी दुसऱ्या गिअरवरच काढला. श्रीपादराव त्या दिवशी गाय आली तरी काही बोलले नाहीत.

घरी आल्यावर म्हणाले, "हाताचं बघायला पाहिजे."

साधी गोष्ट होती. पण साधी गोष्ट श्रीपादरावांच्या हाती द्यायची नसते. "एकट्या वासंतीवहिनींवर कसं विसंबणार? सॅम्पल नको का?" असं म्हणून ते दुसऱ्या दिवशी मॉर्निंग वॉकला निघाले, आणि दिसेल त्या म्हाताऱ्याला म्हणू लागले, "ज़रा हाथ दिखाइए." लोकांना वाटलं, हे ज्योतिष शिकले. दुधाच्या बूथवर त्यांच्याभोवती घोळका जमला. सी ब्लॉकमधल्या एक आंटी तर नातीला घेऊन आल्या, लग्नाचा योग कधी आहे विचारायला. ह्यांनी त्या मुलीला गंभीरपणे विचारलं, "रात को झनझनाहट होती है?" आंटी तरातरा निघून गेल्या.

पण माहिती मिळत गेली. आमच्या सोसायटीत हे ऑपरेशन म्हणजे एक साथच आली होती म्हणा ना. पूर्वी म्हाताऱ्यांना डॉक्टर सांगायचे, उम्र का तक़ाज़ा है, पट्टा बांधा, तेल लावा, सोसा. आता ऐंशी उलटलेल्या आजी सकाळी जातात आणि दुपारी घरी येऊन सिरियल बघतात. भूल पूर्ण देत नाहीत, नुसता हात बधिर करतात. कुणी तळहातावर छोटासा छेद देतात, कुणी दुर्बिणीनं करतात.

आणि ह्याच्यावरून सोसायटीत दोन पक्ष पडले होते, ते आम्हाला तेव्हा कळलं. दुर्बिणीच्या पक्षात वासंतीवहिनी. "माझा व्रण शोधून दाखवा आणि बक्षीस घ्या!" छेदाच्या पक्षात भाऊसाहेब, रेल्वेतून रिटायर झालेले. ते क्लब हाऊसमध्ये तळहात उघडून बसायचे. "टाके पडले नाहीत तर ते ऑपरेशन कसलं? ती तपासणी झाली!" दोघांचेही हात छान चालत होते. भांडताना ज्या तऱ्हेनं हातवारे करत, त्यावरून ते दिसतच होतं.

श्रीपादरावांनी रीतसर निष्कर्ष काढला. "ज्येष्ठांमध्ये ऑपरेशनकडे कल वाढता आहे. समाधानी माणसं बहुसंख्य आहेत. दोन्ही पद्धतींत शेवटी फारसा फरक नाही."

"मग मी करू?"

"अजून एक महिना आकडे जमू देत."

"अहो, माझा हात आहे तो, जनगणना नाही!"

डॉक्टरीण जनकपुरीकडच्या एका हॉस्पिटलात होत्या. डॉ. सुरुची नाव, वयानं आमच्या यशोधनपेक्षाही लहान. त्यांनी माझ्या हाताला बारीक बारीक शॉक देऊन नसेची तपासणी केली, मग दोन्ही तळहात शेजारी शेजारी ठेवायला लावले. डाव्या अंगठ्याखालची गादी चक्क बसली होती. रोज भाकरी थापणाऱ्या माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

"आंटी, और रुकेंगी तो ये सूख जाएगी. फिर ऑपरेशन के बाद भी पूरी ताक़त नहीं लौटेगी."

"और गाड़ी?"

"टाँके निकल जाएँ, पकड़ आ जाए, तब. दर्द तो जल्दी जाएगा. लेकिन उँगलियों का सुन्नपन कब जाएगा, पूरा जाएगा या नहीं, इस उम्र में मैं वादा नहीं कर सकती."

बधिर बोटांनी कायम गाडी चालवायची नाही, एवढी अक्कल मला आहे. म्हणजे बोटं जागी झाली नाहीत, तर यशोधनला किल्ली मागायचीही गरज नव्हती. मीच नेऊन दिली असती. पण मग न करूनही तेच होणार होतं. मी म्हटलं, करा.

"साथ में कोई आएगा ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हां, मेरे पति आएँगे."

"कैसे आएँगे आप लोग?"

"गाड़ी है जी अपनी."

"बढ़िया," त्या म्हणाल्या. श्रीपादरावांनीही बढ़िया म्हणून मान डोलावली.

यशोधनला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. सोसायटीतही कुणाला नाही, कारण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोही आहे. ठरल्या दिवशी सकाळी आम्ही देवाला नमस्कार करून निघालो. मी गाडी जपून चालवली, हाताकडे बघत बघत. श्रीपादरावांनी बस, ट्रक, शाळेची मुलं, सगळं वेळेवर सांगितलं. मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी अशी झक्क लावली की गार्ड म्हणाला, "वाह, आंटी!"

ऑपरेशनमध्ये सांगण्यासारखं काही नाही. मधे हिरवा पडदा, पलीकडे माझा हात, अलीकडे मी. छेदाचं केलं. भाऊसाहेब खूश झाले असते, पण त्यांना सांगायची सोय नव्हती. चहा-बिस्किटं दिली, हाताला भलंमोठं बँडेज बांधलं, आणि सिस्टर म्हणाली, "हाथ ऊपर रखना है, आंटी. अब घर जाइए, आराम कीजिए."

आम्ही पार्किंगमध्ये आलो. श्रीपादराव सवयीनं डावीकडे गेले, दार उघडून बसले आणि पट्टा लावला. मी सवयीनं उजवीकडे गेले आणि दाराशी उभी राहिले, हात वर धरून.

"चल," ते आतून म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बँडेजकडे बघितलं. मग स्टीअरिंगकडे बघितलं. अर्ध्या सोसायटीचे हात तपासलेला माणूस तो! त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काय उगवलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"अरे," ते म्हणाले.

"अरे काय? एवढं सगळ्यांना विचारलंत. कुठला हात, किती टाके, कोण खूश, कोण नाखूश. परत येताना गाडी कोण चालवणार, हे एकालाही विचारलं नाहीत?"

"प्रश्नावलीत तो प्रश्नच नव्हता," ते म्हणाले, आणि पट्टा काढायला लागले. घाईत तो निघेना. मग मला हसू फुटलं. हसताना हात ठणकत होता, म्हणून शिव्याही देत होते. गार्ड धावत आला. त्याला वाटलं, पेशंट बिघडली.

रस्त्यावर येऊन उभे राहिलो. हात वर ठेवायचाच होता, त्यामुळे दिल्लीत आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी रांगेनं ऑटो थांबल्या. गाडी तिथेच राहिली. सोसायटीतल्या कुणाच्या ड्रायव्हरला सांगावं, तर संध्याकाळपर्यंत गुरगावला बातमी. भाऊसाहेबांनी मोतीबिंदूपासून गाडी सोडलेली. "बघू," श्रीपादराव म्हणाले, आणि आम्ही बघत बसलो.

एक मात्र झालं. पहाटेच्या मुंग्या त्याच दिवसापासून गेल्या. बोटं मात्र गप्पच होती. मी रोज बोटं उशीत रुतवून बघायची, चमचा धरून बघायची, डाळीच्या डब्यात बोटं घालून बघायची. काही नाही. श्रीपादराव नुसते बघायचे आणि विचारायचे नाहीत. हे त्यांच्या स्वभावाला किती जड गेलं असेल, ते मला माहीत आहे.

टाके निघायच्या आधीच, शनिवारी सकाळी बेल वाजली. बॅग घेऊन यशोधन दारात. ऑफिसच्या कामानं बंगळूरला गेलेला, तो विमानतळावरून थेट आमच्याकडे आला होता. विमानतळ घराजवळ असला की असं होतं, मुलं न कळवता उगवतात.

मी स्वयंपाकघरात पळाले, आणि सुनेनं, म्हणजे रेवतीनं, वाढदिवसाला दिलेल्या ओव्हनचा जाडजूड हातमोजा बँडेजवर चढवला.

"आई, हे काय?"

"केक करतेय."

"केक? तू?" तो एवढा खूश झाला की मलाच वाईट वाटलं. "रेवतीला सांगायला हवं! अच्छा ऐक, गाडीची किल्ली दे ना. कॅबवाले सगळे कॅन्सल करतायत. उद्या आणून देतो."

"सर्व्हिसिंगला दिलीय," श्रीपादराव म्हणाले.

"वासंतीवहिनींनी नेलीय," मी म्हणाले. दोघं एकदमच.

"वासंतीकाकू गाडी चालवतात?"

"सर्व्हिसिंगला त्यांनी नेलीय," श्रीपादरावांनी सांधा जुळवला. जन्मात खोटा आकडा न लिहिलेला माणूस, कानापर्यंत लाल झाला होता. मी ओव्हनकडे जाऊन उगीचच आत डोकावले. आत मी शेंगदाण्याचे डबे ठेवते.

एवढ्यात ह्यांचा मोबाइल वाजला. ह्यांना ऐकू कमी येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. हॉस्पिटलचा गार्ड बोलत होता, पार्किंगच्या नोंदीत ह्यांचा नंबर होता. "सर जी, आपकी गाड़ी ऑपरेशन वाले दिन से यहीं खड़ी है. मैंने सोचा पूछ लूँ, आंटी जी ठीक हैं ना?"

भला माणूस हो. काळजीनं विचारत होता.

यशोधन उठला, माझ्याजवळ आला, आणि हातमोजा हळूच ओढून काढला. बँडेज बघून खुर्चीवर बसला.

"तिकडे कसे गेलात?"

"मीच चालवत नेली."

"आणि घरी?"

"ऑटोनं. हात वर धरून." मला वाटलं, हसेल. हसला नाही.

"बाबा, तुम्ही एवढं सगळ्यांना विचारता. परत कसं यायचं, हे कुणीच सांगितलं नाही तुम्हाला?"

श्रीपादराव चष्मा पुसत म्हणाले, "कुणाला सांगावंसं वाटलंच नाही रे. त्या सगळ्यांना त्यांच्या मुलांनीच आणलं होतं."

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना टोमणा मारता येत नाही, ते नुसती माहिती देतात. पण पोराचा चेहरा असा उतरला की मी कपाळाला हात लावला, बँडेजचाच.

"मला का नाही सांगितलंस, आई?"

"तू किल्ली काढून घेतली असतीस."

त्यानं हातातला हातमोजा टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "हो. घेतली असती."

खोटं बोलला नाही, एवढं बरं वाटलं. तो उठला. "चला. आधी गाडी आणू."

हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला. मी डावीकडे. श्रीपादरावांना मागे वासंतीवहिनींच्या जागेवर बसावं लागलं, तर तिथून रस्ता दिसत नाही म्हणून कुरकुरत होते. यशोधननं गाडी सुरू केली. गचका. बंद. पुन्हा गचका. पुन्हा बंद. गेली कित्येक वर्षं ह्याची गाडी ऑटोमॅटिक. क्लच नावाची चीज असते, हेच विसरलेला.

"आर. के. पुरमच्या गल्लीत मी तुला हेच शिकवलं होतं का?"

"आई, प्लीज यार!"

"तू फक्त पाय आणि स्टीअरिंग बघ. गिअर मी टाकते." माझा उजवा हात धडधाकट होता, आणि गिअर आमच्या दोघांच्या मधेच. "क्लच दाब. दाबलास? हा पहिला. सोड, हळू... हळू म्हटलं ना!"

अशी निघाली आमची वरात. तो क्लच दाबायचा, मी गिअर टाकायची, मागून श्रीपादराव न दिसणारी बस सांगायचे. पालमपाशी आमच्यामागे कुणीतरी हॉर्न वाजवत सुटला. मी काच खाली करून बघितलं, पण मी बोलायच्या आधी यशोधनच ओरडला, "सीख रहे हैं भाई!" माझा बेचाळीस वर्षांचा मुलगा! मग तो हसला, आणि आम्ही तिघंही हसत सुटलो. हसण्यात मी दुसऱ्याच्या जागी चौथा टाकला आणि गाडी पुन्हा बंद पडली.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यानं इंजिन बंद केलं. कुणी उतरेना.

"मला भीती वाटते गं," तो समोर बघत म्हणाला. "अवेळी फोन वाजला की आधी तुझी गाडीच डोळ्यांसमोर येते."

"मलाही वाटते रे. त्या सिग्नलला गाडी बंद पडली तेव्हा रडायचीच बाकी होते. पण घरात बसून तुमची वाट बघत म्हातारं व्हायचं, त्याची मला जास्त भीती वाटते. आणि एक सांगते. ही बोटं जागी झाली नाहीत ना, तर मीच तुला किल्ली आणून देईन. तुला मागावी लागणार नाही."

त्यानं किल्ली काढली. थोडा वेळ हातात धरून बसला. मला वाटलं, आता खिशात टाकतो.

"डॉक्टर हो म्हणाल्या की फोन कर," तो म्हणाला. "मी येईन. आधी मला शेजारी बसवून एक चक्कर मारून दाखवायची. नीट चालवलीस तर मी काही बोलणार नाही."

"माझी परीक्षा घेणार तू?"

"आत्ता तू काय केलंस मग?"

आणि त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली. डाव्या. मुद्दाम नसेल, तोच हात मांडीवर उताणा पडला होता. बँडेजच्या बाहेर आलेली बोटं मी सवयीनं मिटली, आणि थबकले. पुन्हा उघडली. पुन्हा मिटली.

"काय झालं?" तो घाबरला. "दुखतंय?"

"टोचतेय," मी म्हटलं. "अरे, किल्ली टोचतेय मला!"

मागच्या सीटवरून श्रीपादराव इतके पुढे झाले की त्यांचा चष्मा माझ्या खांद्यावर आपटला. "कुठल्या बोटाला? अंगठ्याला की पहिल्या?"

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. मी नुसती किल्ली दाबत राहिले, आणि ते पहिल्यांदाच उत्तर न घेता गप्प बसले.